घरबसल्या दलाली : कोणाला कोणती झेपेल?

मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर माझी बहीण भाच्याला घेऊन घरी आली. चहा झाला, इकडतिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग तिने पदराआडून एक रुमाल काढून माझ्यासमोर ठेवला. रुमालात तिच्या लग्नातल्या दोन सोन्याच्या बांगड्या होत्या. म्हणाली, "भाईजान, बाजारात याचे काय येतील तेवढे विचारून द्या. याला पस्तीस हजार भरायचे आहेत."

भाचा बी.कॉम. झालेला. एका ग्रे कापडाच्या गोदामात सकाळी दहा ते रात्री आठ हिशेब लिहितो. बहिणीच्या घरी सहा लूम आहेत, पण गेल्या काही वर्षांत कधी सूत महाग, कधी माल पडून, अशी अवस्था. मुलाने काहीतरी वेगळे करावे असे आईला वाटणे चूक नाही. पस्तीस हजार कशाचे, असे मी विचारले तर भाचा उत्साहाने सांगू लागला. "मामू, ॲफिलिएट मार्केटिंग. माल ठेवायचा नाही, दुकान नाही, उधारी नाही. मोबाईलवरून दुसऱ्याचा माल विकायचा आणि आपले कमिशन घ्यायचे. पस्तीस हजारांत ते सगळे शिकवतात."

"शिकून झाल्यावर विकायचे काय?"

"हाच कोर्स. एक विकला की निम्मे पैसे आपले."

"आणि जो घेईल तो काय विकणार?"

तो जरा थांबला. "तोही हाच कोर्स."

मी रुमालाची गाठ पुन्हा बांधून बहिणीच्या हातात दिली.

वाचकहो, एवढ्यावर विषय संपला असता तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. त्या दिवशी भाच्याने विचारलेला दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. तो म्हणाला, "मामू, हे खोटे असेल, पण सगळेच खोटे आहे का? तुम्हीही पहिली दहा वर्षे कापडाची दलालीच केली ना?" प्रश्न बरोबर होता. म्हणून मी चार लोकांना भेटलो, थोडे स्वतः करून पाहिले आणि थोडे पैसे घालवलेही. त्यातून जे समजले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ठेवत आहे.

दलाल तोच, चिठ्ठी नवी

आमच्या मालेगावात ग्रे कापडाचा दलाल काय करतो हे सांगायला नको. लूमवाल्याकडून नमुना घेतो, पार्टीला दाखवतो, भाव जमवतो, सौदा उतरला की शेकड्यामागे ठरलेली दलाली घेतो. माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही. त्याची फक्त ओळख आणि जबान. ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे हेच, फक्त ओळखीच्या जागी एक लिंक असते. कंपनी तुम्हाला तुमच्या खुणेची लिंक देते. तुमच्या लिंकवरून कोणी त्यांच्या दुकानात गेला आणि त्याने खरेदी केली की ठरलेले कमिशन तुमच्या खात्यावर लिहिले जाते. गिऱ्हाइकाला सहसा एक पैसाही जास्त पडत नाही.

ही पद्धत काल-परवाची नाही. अमेरिकेत सीडी नाऊ या संगीत विकणाऱ्या दुकानाने १९९४ साली अशी योजना चालवली आणि जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने ती सुरू केली. तेव्हा ती कंपनी फक्त पुस्तके विकत होती. आज कपडे, भांडी, शिलाई मशीन, हिशेबाचे सॉफ्टवेअर, प्रवासाची तिकिटे, सगळ्यांसाठी अशा योजना आहेत.

पण जुन्या दलालीत आणि या दलालीत जो फरक आहे तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण नुकसान तिथेच होते. आपल्या बाजारात दलालाने पार्टी आणली तर ती पार्टी वर्षानुवर्षे त्याची राहते. इथे तसे नाही. ॲमेझॉनच्या बाबतीत तुमची खूण गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर साधारण २४ तास राहते. तेवढ्या वेळात त्याने वस्तू टोपलीत टाकली तर पुढची मुदत मिळते, नाहीतर तिसऱ्या दिवशी त्याने तीच वस्तू घेतली तरी तुम्हाला काही नाही. मध्ये त्याने दुसऱ्या कोणाच्या लिंकवर बोट ठेवले तर सौदा त्याचा. माल परत गेला तर लिहिलेले कमिशन पुसले जाते. आणि पैसे हाती यायला महिना संपल्यावर सुमारे ६० दिवस लागतात. कापडवाल्यांना साठ दिवसांची धारा नवी नाही, पण ज्याचे घर दर शनिवारच्या मजुरीवर चालते त्याने हे आधी ऐकून ठेवावे.

शिवाय दलालीचा दर ठरवणारी फक्त कंपनी. एप्रिल २०२० मध्ये, लोक घरात कोंडलेले असताना, ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या मालावरचे कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले. ज्यांनी नोकऱ्या सोडून हा धंदा केला होता त्यांची निम्म्याहून जास्त कमाई एका पत्राने गेली. आपल्याकडे अशी कपात झाली असती तर दलालांनी चहाच्या टपरीवर बैठक घेऊन निदान बोलणी केली असती. इथे बोलणी करायला समोर माणूसच नसतो.

एवढे समजून घेतल्यावर प्रश्न येतो की आपण कोणत्या प्रकारची दलाली धरावी. "सगळ्यात जास्त कमाई कशात?" असे लोक विचारतात. मला वाटते आधी हे पाहावे की दिवसातले कोणते तास आपले आहेत, खिशातून किती गेले तर घर हलणार नाही आणि माणसांशी बोलण्याचा आपल्याला आनंद आहे की कंटाळा.

घरातल्या बायकांचा व्हॉट्सॲप व्यापार

आमच्या मोहल्ल्यात एक बाई आहेत, माझ्या धाकट्या भावजयीची मैत्रीण. तीन मुले, घरी सासू आजारी. दोन-तीन वर्षांपासून त्या मोबाईलवर ड्रेस मटेरियल आणि चादरी विकतात. २०१५ साली बंगळुरूत सुरू झालेल्या मिशोने ही पद्धत घराघरांत नेली. ॲपवरचे फोटो आपल्या ओळखीच्या गटात टाकायचे, मूळ भावावर आपला नफा चढवायचा, ऑर्डर आली की माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी. पुढे त्या कंपनीचा ओढा थेट ग्राहकांना विकण्याकडे वाढला, तरी ही पद्धत बायकांच्या हाताला बसली ती बसली. काटेकोरपणे पाहिले तर हिला ॲफिलिएट म्हणता येणार नाही, कारण भाव तुम्ही ठरवता. पण विचार करणाऱ्याच्या समोर दोन्ही एकाच वेळी येतात, म्हणून इथे घेतले.

बाईंना मी विचारले, किती वेळ जातो? त्या हसल्या. म्हणाल्या, "भाईसाहब, वेळ मोजता येत नाही. दूध उतू जात असते आणि तिकडे कोणी विचारते, हा रंग धुतल्यावर जाईल का?" त्यांची कमाई ठीक आहे, मुलांची फी निघते. पण जी अडचण त्यांनी सांगितली ती कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नसतील. गिऱ्हाईक म्हणजे शेजारीण, नणंद, मुलीच्या शाळेतली बाई. कुर्तीचे माप चुकले तर तक्रार कंपनीकडे जात नाही, दारात येते. एकदा एका लग्नाच्या आधी मागवलेला जोडा उशिरा आला आणि त्या घराशी येणेजाणे चार महिने बंद झाले. तेव्हापासून त्या लग्नाचा माल घेत नाहीत आणि उधार देत नाहीत.

ज्यांना माणसे हवीहवीशी वाटतात, ज्या दिवसभर घरी असतात पण सलग दोन तास ज्यांना मिळत नाहीत, त्यांना ही पद्धत बसते. ज्याचा फोन दुकानात वाजत राहिला तर मालक ओरडेल, त्याला ती बसणार नाही. माझ्या भाच्याला म्हणूनच नाही.

रात्री बारा वाजताची सूट

दुसरा एक तरुण भेटला, तो टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर स्वस्त मालाच्या लिंका टाकतो. कोणत्या दुकानात कोणत्या वस्तूवर सूट लागली हे आधी शोधायचे आणि आपली लिंक लावून हजारो लोकांना पाठवायचे. त्याला मालाची काही माहिती नसते. आज हेडफोन, उद्या तांदळाची गोणी. एका लिंकमागे पाच-दहा रुपये सुटतात, म्हणून संख्या लागते.

तो मला दुपारी एक वाजता भेटला तेव्हा नुकताच उठला होता. मोठे सेल मध्यरात्री उघडतात, पहिल्या दहा मिनिटांत जो लिंक टाकेल त्याचेच लोक घेतात. सणासुदीला तो रात्र-रात्र जागतो. एकदा कंपनीने नियम मोडल्याचे कारण सांगून त्याचे खाते बंद केले आणि अडकलेले कमिशन दिले नाही. नियम काय मोडला ते त्याला आजही नीट समजलेले नाही. मी त्याच्याकडून अटींचा कागद मागून घेतला. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही, अमुक ठिकाणी लिंक टाकायची नाही, सहा महिन्यांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद, अशी कलमे त्यात होती. त्याने तो कागद कधी वाचलाच नव्हता. आपण पन्नास हजारांचा सौदा करताना दलालाच्या चिठ्ठीवरचा एकेक शब्द पाहतो, मग इथेच का नाही?

हे काम अविवाहित, रात्री जागू शकणाऱ्या, जलद हात असलेल्या मुलांचे आहे. ज्याला फज्रला उठायचे आहे आणि सकाळी लूम चालू करायचे आहेत त्याने त्यात पडू नये.

जमीन दुसऱ्याची असते हेही लक्षात ठेवावे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉक बंद झाले तेव्हा ज्यांनी तिथे लाखो लोक जमवले होते त्यांची सारी पुंजी एका रात्रीत नाहीशी झाली. लिखाणाची आवड असणारे स्वतःचे संकेतस्थळ काढून मालाची परीक्षणे लिहितात. तो रस्ता इज्जतीचा आहे, पण वर्षभर काही हाती लागत नाही. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने शोधाचे नियम बदलल्यावर अशा अनेक लहान संकेतस्थळांचे वाचक आटले. आता तर प्रश्न विचारला की उत्तर यंत्रच वरच्या वर देते, खाली कोण उतरणार?

माझे सहा हजार

आता माझी स्वतःची गोष्ट. जाहिरातीवर पैसे लावून कमिशन कमावणे हा या धंद्याचा चौथा प्रकार. वेळ कमी लागतो, भांडवल लागते. मला वाटले, वेळ नाही पण थोडे भांडवल आहे, आणि चादरीत तर माझा हात आहे. एका कंपनीच्या चादरींची लिंक घेतली आणि जाहिरातीला सहा हजार रुपये लावले.

एका क्लिकला चार रुपये पडले. सहा हजारांत दीड हजार लोक लिंकवरून दुकानात गेले. त्यांतून ऑर्डरी आल्या अकरा. चार परत गेल्या, राहिल्या सात. सरासरी सातशेची चादर, त्यावर पाच टक्के म्हणजे पस्तीस रुपये. सात पस्ते दोनशे पंचेचाळीस. सहा हजार लावून दोनशे पंचेचाळीस!

हिशेब मी नंतर केला, हीच माझी चूक. आधी केला असता तर पाच मिनिटांत समजले असते की पस्तीस रुपयांच्या कमिशनमध्ये चार रुपयांच्या फार तर आठ क्लिका बसतात. म्हणजे दर आठ माणसांत एकाने घेतले आणि परत केले नाही तरच पैसे निघणार. दुकानात पाय ठेवलेल्या आठ गिऱ्हाइकांत एक घेतो हे आपण पाहतो, पण मोबाईलवर जाता जाता बोट लावणाऱ्यांत मला दोनशे चौदांमागे एक मिळाला. जे लोक यात कमावतात ते रोज सकाळी आकडे पाहतात, न चालणारी जाहिरात त्याच दिवशी बंद करतात आणि ज्या वस्तूवर कमिशन मोठे आहे तीच निवडतात. पण मोठे कमिशन कशावर असते ते पाहा. क्रेडिट कार्ड, व्याजी कर्ज, शेअरच्या सट्ट्याचे ॲप, पैसे लावून खेळायचे खेळ. यांपैकी शेवटच्या प्रकारावर आणि त्यांच्या जाहिरातीवर २०२५ च्या कायद्याने देशात बंदीच आली. बाकीच्यांचे कायदा पाहील, पण आपल्यासाठी कायद्याच्या आधी हलाल-हरामचा प्रश्न आहे. दलालीच्या मेहनतान्यात स्वतःत काही गैर नाही, आपल्या बुजुर्ग फकीहांनी ती मान्य केलेली आहे. पण दलाली ज्या मालाची, त्या मालापासून ती वेगळी कशी काढणार? मी ती यादी पाहिली आणि जाहिरातीचा नाद सोडला.

टेलरमास्तरांचा पाना

आता ज्यांच्यामुळे माझे मत बदलले त्यांच्याविषयी. आमच्या भागात एक टेलरमास्तर आहेत, वय पन्नासच्या पुढे. तयार कपड्यांमुळे शिलाईचे काम कमी झाले. मुलाने त्यांना मोबाईलवर छोटे व्हिडिओ करून दिले. त्यात मास्तर काय सांगतात? घरगुती मशीनवर टाका का सुटतो, बॉबिनचा ताण किती ठेवावा, कोणत्या कापडाला कोणत्या नंबरची सुई, ओव्हरलॉक घ्यावे की न घ्यावे, जुन्या पायमशीनला मोटार कशी बसवावी. बोलणे साधे, निम्मे मराठी निम्मे उर्दू, मागे पंख्याचा आवाज. खाली त्या सुयांची, मोटारीची, कात्रीची लिंक.

मास्तर व्हिडिओ फक्त इशानंतर करतात, आठवड्यात दोन. पहिले सात महिने जवळपास काही मिळाले नाही. आता दर महिन्याला दुकानाचे भाडे निघेल एवढे येते, कधी कमी. कोणाला हे फार वाटणार नाही. पण त्यांनी ना भांडवल लावले, ना दुकान बंद केले, ना रात्र जागवली. जे तीस वर्षे हाताने केले तेच तोंडाने सांगितले. शिवाय व्हिडिओ पाहून लांबच्या गावचे लोक आता दुरुस्तीचा सल्ला विचारायला फोन करतात.

एक प्रसंग मी मुद्दाम विचारून घेतला. एका कंपनीने त्यांना निरोप पाठवला की आमचे छोटे मशीन दाखवा, इतरांच्या दुप्पट कमिशन देतो. मशीन फुकट पाठवले. मास्तरांनी ते उघडले, आतला गिअर प्लास्टिकचा. जीन्सच्या दोन घड्यांवर चालवले, तिसऱ्या दिवशी दाते गेले. मास्तरांनी मशीन परत पाठवले आणि व्हिडिओ केला नाही. मुलगा नाराज झाला. त्या महिन्यात घरात पैशांची ओढ होती. मास्तर मला म्हणाले, "एखादी विधवा बाई माझे ऐकून चार हजार घालेल आणि तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडेल. ती मला ओळखत नाही, पण मी तिला ओळखतो. तशा बायका रोज माझ्या दुकानात येतात."

जाणकार लोक या धंद्याचे तीन भाग करतात: ज्या मालाशी आपला काही संबंध नाही त्याची दलाली, ज्या विषयाचे आपण आहोत त्यातल्या मालाची दलाली, आणि जो माल आपण स्वतः वापरला त्याची दलाली. कमाई सुरू व्हायला तिसऱ्याला सर्वांत उशीर लागतो, हे खरे. पण आपल्या समाजात असे किती कारागीर आहेत! गॅरेजवाले, सुतार, रंगारी, बेकरीवाले, हकीम नव्हे पण अत्तरवाले, पॉवरलूमचे जॉबर. ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे त्याला कोणता पाना घ्यावा हे सांगायला कोर्स लागत नाही.

त्यात एक बंधन मात्र पाळलेच पाहिजे. या वस्तूवर मला कमिशन मिळते, हे स्पष्ट सांगावे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जून २०२२ चे नियम आणि जानेवारी २०२३ च्या सूचना हेच सांगतात. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. मास्तर प्रत्येक व्हिडिओत सांगतात, "घेतले तर मला दोन पैसे मिळतात, नाही घेतले तरी दुआ द्या." त्यामुळे विक्री घटली का, विचारले तर म्हणाले, उलट लोक जास्त विश्वास ठेवतात.

दलाल होण्याऐवजी दलाल नेमा

लूमवाले आणि कारागीर यांच्यासाठी एक उलटी वाटही आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. दुसऱ्याचा माल विकायला सगळे धावतात, आपल्या मालाला दलाल कोण नेमणार? ज्याच्याकडे स्वतःचा माल आहे, मग ती सोलापुरी चादर असो, हिमरूची शाल असो, कोल्हापुरी चप्पल असो की हाताने भरलेला कुर्ता, त्याने दहा भरवशाच्या माणसांना प्रत्येकी एक कूपनचा शब्द द्यावा. गिऱ्हाइकाने तो शब्द सांगितला की त्याला थोडी सूट आणि ज्याचा शब्द त्याला दलाली. संकेतस्थळ, सॉफ्टवेअर काही लागत नाही. एक वही पुरते. एका पानावर एक नाव, तारीख, माल, रक्कम, माल परत आला का, दलाली दिली का.

हजार रुपयांच्या मालावर शंभर देणे परवडते की नाही, हे आधी पाहावे. दुकानदाराला घाऊक भावात देताना आपण त्याहून जास्त सोडतोच. पण तीन गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात: दलाली माल परत येण्याची मुदत संपल्यावर मिळेल, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळेल, आणि दर बदलायचा झाल्यास महिनाभर आधी कळवू. मजुराची मजुरी वेळेवर देण्याची ताकीद आपल्याला आहेच. दलालीही मजुरीच आहे.

कराबाबत थोडक्यात. भारतातल्या कंपन्या कमिशन देताना ठरावीक रकमेच्या पुढे आयकर कापून घेतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतात, म्हणून पॅन आधी द्यावा आणि कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागावा. जीएसटीची नोंदणी सेवेच्या उलाढालीला २० लाखांपर्यंत साधारणतः लागत नाही. पण ज्या दुकानदाराची कापडासाठी नोंदणी आधीच आहे, त्याचे कमिशन पहिल्या रुपयापासून त्याच नंबरात येते आणि त्यावर १८ टक्के लागतो. हे अनेकांना माहीत नसते. आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

भाच्याचे काय झाले

त्या पस्तीस हजारांच्या कोर्सबद्दल एवढेच सांगतो की जिथे माल कोणी वापरत नाही आणि पैसा फक्त नव्या माणसाच्या प्रवेशातून येतो, त्याला १९७८ च्या कायद्याने मनाई आहे आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही. भाच्याचे दोन मित्र त्यात गेले. एकाने चुलत भावाला आणि भावाच्या सासऱ्याला आणले, त्यापुढे कोणी मिळाले नाही.

भाच्याला मी विचारले, तुझ्याकडे कोणते तास आहेत? मालेगावात शुक्रवारी लूम बंद, गोदाम बंद. म्हणजे एक दिवस पूर्ण. तुला काय येते? हिशेब, जीएसटीचे विवरण, बिल बनवणे. तुला कोण ओळखते? बाजारातले पन्नास दुकानदार, ज्यांची मुले शिकलेली असून दुकानाचा हिशेब आजही कच्च्या वहीत आहे. मग लिंक कशाची लावायची हे त्यानेच शोधले. बिल आणि हिशेबाचे एक सॉफ्टवेअर आहे, जे तो गोदामात रोज वापरतो. त्या कंपनीची ॲफिलिएट योजना आहे. एक दुकान जोडले की पहिल्या वर्षी कमिशन आणि दुकानदाराने पुढच्या वर्षी पैसे भरले की पुन्हा थोडे. भांडवल नाही. पण लिंक पाठवून काम होत नाही. दुकानात बसून माल चढवून द्यावा लागतो, म्हातारे शेठ पासवर्ड विसरतात, मग फोन.

सहा महिने झाले. मागच्या शुक्रवारी तो वही घेऊन आला. मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगितले होते की पैशांबरोबर तासही लिही. नऊ दुकाने जोडली, दोघांनी महिन्याभरात सोडून दिले. तास झाले एकसष्ट, हाती आले चार हजार तीनशे. म्हणजे तासाला सत्तर रुपये. वही माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "मामू, तुम्हीच सांगा, परवडते का?"

मी त्याला म्हटले, सात दुकानांपैकी किती जण दुसऱ्या वर्षाचे पैसे भरतात ते आधी पाहू. चार भरले तर परवडते, दोन भरले तर नाही. शेवटच्या पानावर त्याने सातही दुकानांच्या पुढे मुदत संपण्याची तारीख लिहिली आहे. पहिली तारीख ईदनंतर आठ दिवसांनी येते. बहीण तेव्हा चहा घेऊन आत आली, हातात बांगड्या होत्या.